जिभेच्या कडेला

दातांच्या डॉक्टरला जिभेचं काही विशेष नसतं. ती मध्ये मध्ये येते, आरशाच्या दांडीने तिला बाजूला सारायचं आणि दाताकडे जायचं. मंजूषाने वीस वर्षं हेच केलं होतं. भोपाळच्या एम. पी. नगरात तिचा दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली कोचिंग क्लास. तिथल्या सरांचा माइकवरचा आवाज फरशीतून वर यायचा आणि त्या आवाजात ती दाढा भरायची. त्या दुपारीही ती खुर्चीतल्या मुलीची जीभ डावीकडे सारत होती, आणि सारता सारता तिचा हात थांबला. जिभेच्या टोकाला आणि दोन्ही कडांना दाणे होते. भिजलेल्या साबुदाण्याएवढे, जिभेच्याच रंगाचे, गुळगुळीत. फोड नव्हते, चावल्याच्या खुणा नव्हत्या. "हे दुखतात का गं?" तिने विचारलं. मुलीने आधी तोंड मिटून थुंकी गिळली. "ये तो हैं ही," ती म्हणाली. "पहिल्यापासून आहेत." तिचं नाव शर्वरी, वय नऊ, उंची मात्र बारा वर्षांच्या मुलीएवढी, खुर्चीच्या टोकाबाहेर तिचे काडीसारखे पाय लोंबत होते. खालून सरांचा आवाज आला तशी ती हुबेहूब त्याच सुरात म्हणाली, "देखिए बच्चों, इसको ऐसे समझिए." एरवी मंजूषा हसली असती.

मुलीची आई, विनिता, खुर्चीमागे उभी होती. तुळशी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारं हे कुटुंब. नवरा मंत्रालयाच्या एका खात्यात, त्याचे आजोबा राजधानी हलली तेव्हा नागपूरहून कचेरीबरोबर इकडे आलेले. विनिताला दातांना तारा लावून हव्या होत्या. वर्गातली मुलं शर्वरीला जाड ओठांवरून चिडवत. "तारा लावल्या की ओठ आत जातील ना, डॉक्टर?" मंजूषाने वरचा ओठ दोन बोटांत धरून पाहिला. आतून तो खडबडीत लागला, आत काहीतरी भरल्यासारखा. मग ती जे विचारायला लागली ते तिचं तिलाच नवं होतं. पोट कसं असतं? विनिता चमकली. "त्याचं तर विचारूच नका. जन्मल्यापासून शौचाला होत नाही. दूध बंद केलं, मैदा बंद केला, एनिमा झाले. प्रत्येक डॉक्टर म्हणतो, बिस्किटं देऊ नका. आम्ही देतच नाही." आणि तान्ही असताना रडायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं? विनिताने मागे वळून पाहिलं. बाकावर बसलेल्या सासूबाईंनी, कुसुमताईंनी, उत्तर दिलं. "नाही जी. टिपूस नाही. आवाज एवढा मोठा, डोळे कोरडे. मी म्हणायची, हिमतीची आहे पोरगी."

ग्लोव्ह बदलून मंजूषाने मुलीच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि तिला गिळायला सांगितलं. जबड्याखालच्या गाठी तिच्या बोटांना पाठ होत्या, पण इथे, गळ्याच्या खालच्या भागात, तिची बोटं परकी होती. उजवीकडे काहीतरी कडक, चिंचोक्याएवढं, गिळताना वर सरकलं. सरकलं का? पुन्हा गिळायला सांगितलं. पुन्हा सरकलं, किंवा ते सरकावं असं तिला वाटत होतं. "आंटी, आप तो दांत की डॉक्टर हो ना?" शर्वरीने विचारलं. मंजूषाने तिला तोंड धुवायला बाहेर पाठवलं आणि विनिताला सरळ सांगितलं: रक्ताची एक तपासणी करा, गळ्याची सोनोग्राफी करा, थायरॉइडमध्ये गाठ असू शकते, मुलांत फार क्वचित होणारी. जिभेवरचे दाणे, पोट, कोरडं रडणं, ही उंची, हे सगळं मिळून एकच आजार असू शकतो. "गाठ म्हणजे?" विनिताने विचारलं. मंजूषाने तो शब्द उच्चारला. कॅन्सर. आणि उच्चारल्यावर तिला जाणवलं की या खोलीत तो आजवर तंबाखू खाणाऱ्या पुरुषांसमोरच उच्चारला गेला होता. विनिता तिच्याकडे अशी पाहत राहिली, की जणू वाण्याकडे तेल घ्यायला जावं आणि त्याने उठून आपली नाडी धरावी.

संध्याकाळी अवधपुरीला घरी जाताना, चौकातल्या सिग्नलवर गाडी उभी असताना, तिला सुहासिनीबाई आठवल्या. नागपूरच्या कॉलेजात त्या तोंडाच्या रोगांचं शिकवायच्या. उन्हाळ्यातला वर्ग, पडदे ओढलेले, कूलरचा ओलसर वास, अर्धा वर्ग पेंगलेला. पडद्यावर एक जीभ आली, मोठी, गुलाबी, कडांना दाणे. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला आयुष्यात एकदाही दिसणार नाही. पण दिसलं तर आधी तुम्हालाच दिसेल, कारण दुसरा कुणी तिथे बघत नाही." मग त्यांनी पुढचं चित्र लावलं. मंजूषाने ते परीक्षेपुरतं पाठ केलं, परीक्षेत ते आलं नाही, आणि मग लग्न, नवऱ्याची, प्रसादची, कारखान्यातली नोकरी, भोपाळ, दवाखाना, दाढा. ती जीभ कुठे बसून होती इतकी वर्षं? आणि ती आत्ता खरंच समोर आली होती, की आठवणीतली जीभच बाहेर दिसली होती? वीस वर्षं एकसारखी कामं केलेल्या माणसाला असं काही दिसावंसं वाटत नाही का? प्रसादचे मित्र तिला हसत हसत 'दातवाली' म्हणत, तीही हसे. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन गेला होता. जेवताना तिने प्रसादला सगळं सांगितलं. त्याने इंजिनियरसारखं विचारलं, "खात्री किती आहे?" "खात्री नाही." "मग?" "मग काही नाही. तपासून घ्यायचं. तपासण्यासाठी खात्री कशाला लागते?" हे वाक्य बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. पुढचे कितीतरी दिवस ती ते स्वतःशी म्हणत होती.

शर्वरीच्या घरच्यांनी तपासणी केली नाही. तिने फोन केला तेव्हा विनिता म्हणाली, करतो, शाळेच्या परीक्षा आहेत. पुन्हा केला तेव्हा फोन शर्वरीच्या वडिलांनी, मिलिंदने, घेतला. आवाज सभ्य होता, खालच्या पट्टीतला, कचेरीत बाहेरच्या माणसाशी बोलतात तसा. "मॅडम, आमच्या मुलांच्या डॉक्टरांना आम्ही विचारलं. ते तिला जन्मापासून बघतात. ते म्हणाले, जीभ अशी असते काही मुलांची. आता तुम्ही दातांच्या डॉक्टर, गळ्याचं सांगताय. घरात आई रोज देवापुढे बसते. विनिता झोपत नाही. हे बरोबर आहे का?" मंजूषा म्हणाली, बरोबर नाही, पण एका रक्ताच्या तपासणीने ते संपेल. "और नहीं करवाया तो?" तो एकदम हिंदीत गेला. भोपाळात वाढलेल्या मराठी माणसाचा राग हिंदीत येतो. त्याने फोन ठेवला. तिने ग्लोव्ह घातले आणि पुढच्या माणसाची अक्कलदाढ काढली. दाढ चिवट होती, मुळं वाकडी, ती घाम येईपर्यंत तिच्याशी झगडत राहिली, आणि दाढ निघाल्यावर तिला कळलं की आपण ठरवून टाकलंय.

रविवारी सकाळी ती तुळशी नगरला गेली. एका ओळीतली बुटकी सरकारी घरं, पुढे चिकू, दाराशी कपड्यांची दोरी. आपण हे काय करतोय असं दारातच तिला वाटलं. बोलावणं नसताना पेशंटच्या घरी जाणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही. त्याच्याबद्दल एक तर दुकान चालत नसेल असं वाटतं, नाहीतर डोकं. पण तिचा पाय मागे फिरला नाही. लहानपणी आई तिला चिकट म्हणायची. गणित सुटेपर्यंत जेवायला उठायची नाही म्हणून. सुटलेल्या गणिताचा आनंद तिला कधी फारसा झाला नव्हता. न सुटलेलं मात्र पोटात दुखल्यासारखं दुखायचं. मिलिंदने दार उघडलं, बनियनवर घाईने शर्ट चढवत. त्याने तिला बसवलं, कारण आलेल्या बाईला बसवायचं असतं. कुसुमताईंनी पोहे टाकले. शर्वरी आतल्या खोलीत कुणाच्या तरी आवाजात अभ्यास घोकत होती.

"मी तुम्हाला घाबरवायला नाही आले," मंजूषा म्हणाली.

"मग कशाला आलात?" मिलिंदने विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी चुकले असेन तर तुम्ही मला चार लोकांत वेडी म्हणा. मला चालेल. पण मी बरोबर असेन आणि तुम्ही गेला नाहीत, तर ते मला चालणार नाही. एवढंच आहे माझ्याकडे."

मिलिंद खिडकीबाहेर पाहू लागला. मग त्याने विचारलं ते भोपाळातलं कुणीही विचारलं असतं. "आईला तेव्हा गॅस लागला होता. चौऱ्याऐंशी साली. त्याचं आहे का हे?" मंजूषा म्हणाली, मला तसं काही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी सांगणार नाही. स्वयंपाकघरात कढईवर उलथनं वाजायचं थांबलं. तेवढ्यात इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली विनिता म्हणाली, "मी घेऊन जाते उद्या." मिलिंदने तिच्याकडे पाहिलं. "नऊ वर्षं मी हिला घेऊन फिरते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पोटासाठी एकाकडे, पाय दुखतात म्हणून दुसऱ्याकडे, ओठांसाठी यांच्याकडे. सगळे म्हणतात, तुम्हीच काळजी फार करता. यांनी पहिल्यांदा सगळं एकदम विचारलं. रडताना पाणी यायचं का, हे मला कुणी विचारलंय आजवर? मला ते माहीत होतं. मी कुणाला सांगणार होते?" तिने मंजूषाच्या हातात पोह्यांची बशी दिली. पोहे खाताना मंजूषाला वाटलं, आता माझी चूक निघू दे. तिने ते मनापासून मागितलं. निदान त्या क्षणी तिला तसं वाटलं.

रिपोर्ट आला तेव्हा ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचं माप घेत होती. फोनवर विनिताने पाठवलेला फोटो, खाली एकच ओळ: हे जास्त आहे का? तिने आकडा पाहिला. जिथे दहाच्या आत असायला हवं तिथे तो हजारांत होता. आणि तिच्या तोंडून, मास्कच्या आत, "हो!" असा शब्द निघाला. सामना जिंकल्यावर निघतो तसा. तोंडात मापाचा साचा घेतलेल्या म्हाताऱ्याने डोळे वळवून तिच्याकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली. छातीत एक ऊब पसरली होती, लख्ख, खोटी न ठरवता येणारी, आणि त्या उबेच्या मधोमध एका नऊ वर्षांच्या मुलीला कॅन्सर होता. ऊब विझायला फार वेळ लागला नाही, पण ती येऊन गेली होती, हे आता पुसता येणार नव्हतं. साचा सुकत होता. तिने तो वेळेवर काढला, वाहत्या पाण्याखाली धरला, आणि पाण्याचा आवाज ऐकत ठरवलं की या उबेचं काय करायचं ते नंतर बघू. ती वाईट आहे की नुसती माणसाची आहे, याचा निकाल लावत बसायला आत्ता वेळ नाही. निकाल लागला नाही तरी चालेल. तिने विनिताला फोन केला. "हो, जास्त आहे. फार जास्त आहे. तुम्ही रिपोर्ट घेऊन इकडे या. मी आज बाकीचे पेशंट पुढे ढकलते." मग विनिता म्हणाली, "येते. तिला घेऊन येऊ की एकटी?" "एकट्या या. नाही, शर्वरीच्या बाबांनाही आणा." मिलिंदही आला. खुर्चीत बसला नाही. मंजूषा सांगत होती ते सगळं त्याने उभ्यानेच ऐकलं, आणि शेवटी फक्त विचारलं, "कुणाकडे जायचं?"

ग्रंथींचं ऑपरेशन करणारे डॉ. अच्युत एका मोठ्या रुग्णालयात होते. मंजूषा त्यांना ओळखत नव्हती. ओळखीच्याचा ओळखीचा धरून ती पोचली. पुढचे आठवडे तिला आठवतात ते रुग्णालयाच्या लांब बोळातले, फिनेलच्या वासातले. सोनोग्राफीत थायरॉइडच्या दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या, मानेतल्या काही ग्रंथीही फुगलेल्या. सुईने पेशी काढून पाहिल्या, आणि मग जनुकाची तपासणी. डॉ. अच्युत हळू बोलणारे, पन्नाशीचे, कागदावर चित्र काढून सांगणारे. एका जनुकातला एक बदल, त्यांनी मिलिंद आणि विनिताला सांगितलं. त्यामुळे जिभेवर नसांचे दाणे, आतड्यातही तेच, म्हणून पोट. आणि थायरॉइडमध्ये ही गाठ. औषधाने ती जात नाही. पूर्ण ग्रंथी काढायची, मानेतल्या गाठीही काढायच्या, मग आयुष्यभर रोज एक गोळी. त्याआधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तपासायच्या, कारण तिथेही अशीच गाठ असली तर भूल देताना जीव जाऊ शकतो. तिथे गाठ नव्हती. मिलिंदने विचारलं, "आधी कळलं असतं तर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या वर्षात कळायला हवं असतं. क्वचितच कळतं. आज कळलं, ते पुढच्या वर्षी कळण्यापेक्षा बरं आहे." दाराबाहेर आल्यावर ते मंजूषाला बाजूला घेऊन म्हणाले, "मी जे पेशंट पाहतो ते गळ्यावर गाठ दिसायला लागल्यावर येतात. जिभेवरून पाठवलेला हा पहिलाच." तिला वाटलं, ती ऊब परत येईल. आली नाही. तिने विचारलं, "मानेतलं सगळं निघेल?" "प्रयत्न करणार," ते म्हणाले. दोघांच्याही बोलण्यात त्यापेक्षा जास्त काही मावलं नाही.

शर्वरीला काय सांगायचं यावर घरात वाद झाला. कुसुमताईंचं म्हणणं, टॉन्सिल म्हणा. विनिताने मंजूषालाच सांगायला लावलं. मुलगी रुग्णालयातल्या पलंगावर मांडी घालून बसली होती, मनगटाला सुई, तिच्या लांब बोटांनी चादरीला मुरड घालत. मंजूषाने सांगितलं: गळ्यात एक ग्रंथी असते, फुलपाखरासारखी, तुझ्यातली आजारी आहे, ती काढणार. "फुलपाखरासारखी म्हणजे उडते का?" "नाही. नुसता आकार." "मग कशाला सांगता," शर्वरी म्हणाली. मग तिने महत्त्वाचं विचारलं. "आवाज जाएगा क्या?" मंजूषाला या प्रश्नाची तयारी नव्हती. आवाजाच्या नसा त्या ग्रंथीला अगदी चिकटून जातात. ती म्हणाली, "थोडा बदलू शकतो. डॉक्टर तो जपणार आहेत. पण मी वचन नाही देणार." शर्वरीने मान हलवली. मोठी माणसं सौदा पटल्यावर हलवतात तशी. नंतर ती आईला म्हणाली, हे मंजूषाने ऐकलं, "ये आंटी झूठ नहीं बोलतीं. थोडी डरावनी हैं."

ऑपरेशन लांबलं. मंजूषाने दवाखाना बंद ठेवला होता आणि ती बाहेरच्या बाकावर त्या तिघांच्या रांगेत बसली, कुटुंबातली नसूनही. कुसुमताईंच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. मिलिंद भिंतीवरची हात धुण्याची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होता. ती विचार करत होती की आत्ता आत एक माणूस नखाएवढ्या जागेत काम करतोय. तसं काम तीही करते, दाताच्या मुळाशी, अंधारात, बोटांच्या आधाराने. त्या जागेत घाई चालत नाही आणि भीतीही चालत नाही. तिने आपले हात मांडीवर ठेवले आणि स्थिर धरले, जणू त्यांचा तिथे काही उपयोग होता. डॉ. अच्युत बाहेर आले, टोपी काढत. दिसलं तेवढं सगळं काढलं, नसा दोन्ही वाचल्या, ते म्हणाले. विनिता रडली. मिलिंद उभा राहिला, पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी शर्वरीच्या बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम उतरलं होतं. ते शिरेतून दिलं. तिचा आवाज घोगरा, बारीक झाला होता. त्या आवाजात तिने पहिली नक्कल डॉ. अच्युत यांची केली. हळू बोलणारा माणूस, हाताने हवेत चित्र काढणारा. नर्स तोंडावर हात ठेवून हसली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा हजारांवरून खाली आला होता, पण शून्याला पोचला नव्हता. कुठेतरी काही थोडं उरलं होतं, दिसण्याएवढं नव्हतं. लक्ष ठेवायचं, वाढलं तर आता औषधंही आहेत, असं डॉ. अच्युत यांनी सांगितलं. विनिताने ते मंजूषाला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात एक नवी गोष्ट होती. ती आता कुणाला पटवून देत नव्हती. "मी विचारलं, किती वाढलं तर किती लवकर यायचं. त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं. मला नीट कळेपर्यंत उठले नाही."

मिलिंद एकटा आला तो त्यानंतर. दुपारची वेळ, दवाखान्यात कुणी नव्हतं. कचेरीतून मधेच आला असावा. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. तो बाकाच्या टोकावर बसला. मंजूषाला वाटलं, आता तो आभार मानेल, आणि ते कसे घ्यायचे याची तिने मनात जुळवाजुळव सुरू केली. पण त्याने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी उघडलं आणि न दाखवताच मिटलं.

"आमचीही जनुकं तपासली," तो म्हणाला. "माझी आणि विनिताची. दोघांतही तो बदल नाही."

"बरं झालं."

"बरं?" त्याने मान वर केली. "मी रोज वाटच बघत होतो, माझ्यात निघेल म्हणून. माझे काका लवकर गेले. आईला गॅस लागलेला. मी म्हटलं, माझ्याकडूनच असणार. मी तयारी केली होती, मॅडम. मग आलं कुठून?"

तिच्या मनात शास्त्राची उत्तरं आली आणि ती तिने एकेक करून बाजूला ठेवली. हा माणूस इतके दिवस एक ओझं उचलायला हात पुढे करून उभा होता, आणि आता त्याला कळलं होतं की ते त्याचं नाहीच. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. "कुठूनच नाही," ती म्हणाली. "तिच्यातच सुरू झालं. पहिल्या पेशींत कधीतरी, तुमच्या कुणाच्या काही करण्या-न करण्याने नाही. तुम्ही दिलं नाही. दुसऱ्याही कुणी दिलं नाही."

"म्हणजे यात माझं काहीच नाही."

"झालं त्यात नाही."

खाली क्लास सुटला. जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत उतरले, रस्त्यावर मोटारसायकली सुरू झाल्या आणि मग एकदम शांत झालं. मिलिंदने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. तिला वाटलं, तो रडेल. तो रडला नाही. तो ताठ बसला आणि कचेरीत एखादं काम नीट समजून घेतात त्या आवाजात म्हणाला, "पुढे काय करायचं ते सांगा. विनिता सांगते, पण मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी. दर तीन महिन्यांनी रक्त. आकडा वाढला तर लगेच डॉक्टर. नाही वाढला तरी तीन महिन्यांनी पुन्हा. कंटाळा आला तरी, ती चांगली दिसायला लागली तरी. ती चांगली दिसेल तेव्हाच जास्त सांभाळायचं."

"किती वर्षं?"

"सगळी."

तो उठला. ओळखपत्र शर्टाच्या आत सारलं. दारापाशी जाऊन वळला, आणि तिला पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यात शर्वरीची हनुवटी दिसली. "सकाळची गोळी मी देत जाईन," तो म्हणाला. "विनिताने नऊ वर्षं केलं. आता हे माझं."